विकावयाचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण मराठी मुलुखात पोराबाळांनाही ठाऊक आहे. घर पाहावे विकून, असे मात्र जुन्या माणसांनी म्हणून ठेवलेले नाही. याचे कारण उघड आहे. घर ही विकण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच पूर्वी फारशी कोणाच्या मनाला शिवत नसे. शेत विकले गेले तर लोक हळहळत. पण अमक्याने घर विकले असे सांगताना सांगणाराचा आवाज आपोआप खाली येई. सावकाराची जप्ती, भाऊबंदांची वाटणी किंवा घराण्यात मागे कोणी न उरणे, एवढ्याच कारणांनी घराला गिऱ्हाईक पाहण्याची वेळ येई. आणि अशा वेळी ते नीटनेटके करून दाखविण्याची उमेद तरी कोणाला असणार? बांधण्याचे शास्त्र झाले, विकण्याचे झाले नाही, ते यामुळेच.

आता काळ पालटला आहे. बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी नव्या वसाहतीतून सहज फेरफटका केला, तर ‘घर विकणे आहे’ ही पाटी दृष्टीस पडते. मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालेली, मागे राहिलेल्या आईवडिलांना जिना चढवत नाही, आणि घर तर एवढे मोठे. उलट खेड्यातील शेतकरी किंवा नुकताच नोकरीस लागलेला शिक्षक मुलांच्या शाळेसाठी खामगाव, चिखली, बुलढाणा अशा ठिकाणी निवारा शोधीत असतो. एकाची उतारवयाची पुंजी आणि दुसऱ्याचे वीस वर्षांचे कर्ज, या दोहोंच्या मध्ये ते घर उभे असते. ते गिऱ्हाइकापुढे कोणत्या रूपात ठेवावे, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका किरकोळ नव्हे.

अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र धंदाच झालेला आहे. १९७२ च्या सुमारास बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी त्याचा पाया घातला असे मानतात. त्याला तिकडे ‘स्टेजिंग’ म्हणतात. म्हणजे घराची रंगभूमी करावयाची. राहणाऱ्या कुटुंबाच्या तसबिरी, औषधांच्या बाटल्या, मुलांची बक्षिसे हे सारे उचलून ठेवावयाचे आणि भाड्याने आणलेले कोच व दिवे मांडावयाचे. हेतू असा की, हे दुसऱ्या कोणाचे घर आहे असे येणाराला वाटूच नये. कोणी तर गिऱ्हाईक येण्यापूर्वी भट्टीत बिस्किटे भाजून त्यांचा खमंग वास घरभर पसरवितात. पुण्यामुंबईकडील इमारतींतून ‘सॅम्पल फ्लॅट’ म्हणून जो दाखवितात, तो याच विद्येचा अवतार. तेथे कोठे कोठे पलंग बेताच्या मापाचा असतो, आरसे मोठे असतात, आतली दारे बसविलेलीच नसतात. आणि दहा फुटांची खोली बारा फुटांची भासते.

हे सारे ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. घर सजविणे आपल्याकडे परके थोडेच आहे? दिवाळीपूर्वी जळमटे काढणे, चुन्यात नीळ घालून भिंतींना हात देणे, उंबरठ्याला गेरू, अंगणात सडा आणि त्यावर रांगोळी, ही पाहुण्याच्या डोळ्यांना घर प्रसन्न दिसावे म्हणूनच केलेली तयारी होय. विकावयाचे घर दिवाळीच्या घरासारखे करावे, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल, लागत नसलेल्या कडीला नवा कोयंडा, गळत्या नळाला चकती, फुटक्या तावदानाला काच, यांना खर्च तो किती? पण गिऱ्हाईक मोठ्या गोष्टींची परीक्षा लहान गोष्टींवरून करते. ज्या घरातला नळ वर्षभर ठिबकत राहिला, त्या घराच्या गच्चीकडे तरी मालकाने पाहिले असेल काय, असा प्रश्न त्याच्या मनात येतो, आणि तो रास्तच असतो.

याहून अवघड काम आहे ते घर रिकामे करण्याचे. वऱ्हाडातील घरात माणसांपेक्षा वस्तूंचे बिऱ्हाड मोठे. खिडकीला पाठ लावून उभे केलेले लोखंडी कपाट, मोडकी शिवणयंत्रे, गव्हाच्या कोठ्या, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली भांडी. शेती असलेल्या घरी तर भाव येईपर्यंत कापूस बैठकीच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवतात. पुढे उन्हाळ्यात त्यानेच घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते. अशा खोलीचे माप गिऱ्हाइकाने काय घ्यावे? खिडकीपुढचे कपाट हलविले की जो उजेड आत येतो, तो कोणत्याही रंगाने येत नाही. मात्र देवघर हलवू नये. अमेरिकेतील उपदेश येथे जसाच्या तसा लागू नाही; दिवा लागलेले देवघर आणि पुसलेली चूल पाहून येणाऱ्या बाईच्या मनाला जो दिलासा मिळतो, तो भाड्याच्या कोचाने मिळणार नाही. फिनेलचा उग्र वास मात्र टाळावा. त्याने घर स्वच्छ वाटत नाही, काही तरी दडविले आहे असे वाटते.

येथवर सारे सोपे आहे. घराच्या पोटात दोष असला म्हणजे खरा पेच पडतो. आणि बुलढाणा जिल्ह्यात तो पेच मातीतच आहे.

या जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या तोंडी आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही वाटणी केलेली आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटाखालची जमीन कापसाची, खोल, काळीभोर. जुन्या लोकांनी गावच्या भूमीचे दोन भेद केले होते, काळी आणि पांढरी. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. जुने गावठाण पांढरीवर वसले, आणि धाब्याच्या घरांवर पसरावयाची मातीही पांढरीच, कारण ती पाणी आत सोडत नाही. गेल्या पन्नास वर्षांत मात्र गावे वाढली, शेते अकृषिक झाली, भूखंड पडले, आणि घरे काळीवर चढली. पिकाला जी माती आईसारखी, तीच भिंतीला सावत्र. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेलेला नसेल तर वर्षातून एकदा सारे घर उचलले जाते आणि एकदा खाली बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार चौकटीत अडकू लागते. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असे खांब जमिनीत भरण्याची पद्धत प्रचारात आणली. पण मध्यम स्थितीतील माणसाने स्थानिक गवंड्याच्या भरवशावर बांधलेल्या घरात ते खांब कोठून असणार?

दुसरा दोष पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातील मोठ्या टापूला खारपाणपट्टा म्हणतात. तेथे जमिनीतले पाणीच खारट. हे क्षार ओलीबरोबर विटांतून वर चढतात. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. त्याचे स्फटिक गिलाव्याला आतून ढकलतात, गिलावा फुगतो आणि पिठासारखा गळू लागतो. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत त्याची रेघ दिसते.

आता घाटाखालील एखाद्या तालुक्याच्या गावातले असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. मालक निवृत्त कारकून. भविष्यनिर्वाह निधी मोडून घर बांधलेले. मुलगा पुण्याला. घर विकून येणाऱ्या पैशावर नवराबायकोला उरलेले आयुष्य काढावयाचे आहे. माजघराच्या भिंतीला लोणा आहे, मागील खोलीत चीर आहे. गिऱ्हाईक रविवारी यावयाचे. रंगारी सांगतो, “साहेब, पुट्टी भरून दोन हात मारतो, सहा महिने काही दिसणार नाही.” घरधनीण म्हणते, “अहो, तो सांगतो तसे करून टाका. सगळेच करतात. उरली चीर तर तिच्यावर सोनाराचे कॅलेंडर लावू.” बाई लबाड नाही. तिच्या मनात दोन लाखांनी कमी येणारी रक्कम आणि पुढची वीस वर्षे आहेत. तिला दोष देणे सोपे, तिच्या जागी उभे राहणे अवघड.

परंतु तिच्या हिशेबात एक चूक आहे. वऱ्हाडातील गिऱ्हाईक कापसाच्या बाजारात तयार झालेले असते. खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला, तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, ही पेठ कापसाची. गाडीतला वरचा थर कितीही पांढराशुभ्र असो, व्यापारी कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस ओढून पाहतो; ओला आहे काय, कवडी आहे काय. वर चांगला आणि आत हलका माल भरण्याची खोड इतकी जुनी, की १८६३ साली मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला होता. ज्याने जन्मभर गाडी विकली, त्याला वरचा थर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तरुण शिक्षक घर पाहावयास येतो तेव्हा त्याच्याबरोबर धोतर नेसलेला बाप असतो. मुलगा फरशी पाहतो, बाप भिंतीला तळहात लावतो, बोटाच्या पेराने गिलावा वाजवितो आणि विचारतो, “पावसाळ्यात ओल कुठलोक चढते जी?” इतर तीन भिंती जुन्या आणि एकच ताजी रंगविलेली पाहिली, की त्याला उत्तराचीही गरज उरत नाही. आणि मग तो एका भिंतीचा भाव कमी करीत नाही, साऱ्या घराचा करतो; कारण जे दिसले नाही ते याहून वाईट असेल असे तो धरून चालतो.

यापेक्षा वेगळा मार्ग आहे, आणि तो खर्चाचाही नाही. घर विकण्याचा विचार निदान वर्षभर आधी ठरलेला असतो. त्याच वेळी चिरेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. इंजिनियर लोक हेच करतात. एक पावसाळा आणि एक उन्हाळा लोटला आणि काच शाबूत राहिली, तर चीर जुनी आहे, स्थिरावली आहे, याचा तो बोलका पुरावा. असा पुरावा भिंतीवर असेल तर चीर लपविण्याऐवजी मालकाने गिऱ्हाइकाला हाताला धरून तेथे न्यावे. काच तडकलीच, तर पाया पाहण्यास जाणता इंजिनियर बोलवावा आणि त्याचा अंदाजी खर्च कागदावर घ्यावा. अमुक इतका खर्च आहे असे कळले, की गिऱ्हाईक तेवढाच वजा मागते. न कळले तर मनात येईल तेवढा.

लोण्याचेही तसेच. त्यावर तैलरंग चढविणे हा सर्वांत वाईट उपाय. वाट बंद झालेली ओल रंगाच्या मागून आणखी वर चढते आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघतात. फुगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढावा, मीठ कोरड्या ब्रशाने झाडावे, अंगणाचा उतार भिंतीपासून दूर वळवावा, जोत्याला लागून ठेवलेल्या कुंड्या आणि सांडपाण्याचा नळ हलवावा, आणि भिंत पुरती सुकल्यावर चुन्याचा गिलावा द्यावा. चुन्यातून ओलीला बाहेर पडण्यास वाट राहते. जोत्यात ओल अडविणारा थर मुळातच नसेल तर लोणा समूळ जाणार नाही, हेही सांगून टाकावे.

घाटावरील घरांना हा जाच कमी. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर. हवा थंड, मुरूम जवळ. पण तेथे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न वेगळा, नळाला पाणी कितव्या दिवशी येते? येळगाव धरण भरले म्हणजे बुलढाण्याचा मालक मोकळ्या मनाने उत्तर देतो, उन्हाळ्यात जरा खाकरतो. गिऱ्हाईक येणार म्हणून आदल्या रात्री टँकरने विहीर भरून ठेवणारे महाभाग सर्वत्र असतात. त्यांची विहीर दुसऱ्या खेपेला पाहावी. त्यापेक्षा टाकीचे माप, विंधनविहिरीची खोली आणि ती कोणत्या महिन्यात आटते हे एका कागदावर लिहून ठेवले तर बोलणे लवकर संपते.

वास्तुशास्त्राचा एक शब्द बोलणे भाग आहे. ईशान्येचा संडास, आग्नेयेला नसलेले स्वयंपाकघर, यांवरून व्यवहार मोडतात हे खरे. म्हणून विकण्यापूर्वी भिंती पाडून घराची दिशा सुधारण्याचा खटाटोप काही लोक करतात. जिच्यावर तुळई टेकली आहे अशी भिंत पाडली तर कोणतीही दिशा ते घर सावरणार नाही. हा खर्च घेणाराने आपल्या श्रद्धेप्रमाणे मागाहून करावा.

आता कायदा काय म्हणतो? नव्या इमारतींसाठी स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आला. खोटी जाहिरात किंवा नमुन्याचे घर यांवर विसंबून ज्याने पैसे भरले आणि नुकसान सोसले, त्याला भरपाई देण्याचे बंधन त्याने विकासकावर घातले. पण एका गृहस्थाने दुसऱ्याला जुने घर विकले तर तो कायदा तेथे येत नाही. तेथे चालतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या ५५ व्या कलमाचा आशय असा की, उलट करार नसेल तर, विकणाराला ठाऊक असलेला, घेणाराला ठाऊक नसलेला आणि साधारण सावधगिरीने त्याला दिसू न शकणारा मिळकतीतील महत्त्वाचा दोष विकणाराने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही लबाडी समजली जाईल. येथेच पुट्टीचा आणि कॅलेंडरचा निकाल लागतो. उघडी चीर घेणाराने पाहिली नाही तर तो त्याचा दोष ठरू शकेल; पुट्टीखाली दडविलेली चीर दिसली नाही तर त्याला कोण दोष देईल? म्हणजे दोष झाकण्याने घराची किंमत वाढते ती थोडी, आणि मालकाची जबाबदारी वाढते ती पुष्कळ.

ज्या दोषाकडे कोणाचेच लक्ष नसते तो कागदपत्रांचा. कित्येक घरांचा रंग नवा असतो आणि दप्तरी नाव मात्र वारलेल्या आजोबांचे. मालमत्ता पत्रक, घरपट्टीच्या पावत्या, अकृषिक आदेश, बांधकामाची परवानगी, हे सारे गिऱ्हाईक येण्यापूर्वी एका फाइलीत लागलेले असावे. गावठाणातील घरांना पूर्वी बहुधा असे पत्रकच नसे. २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून ते देण्याचे काम हाती घेण्यात आले. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींना विसरून चालणार नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलगी मुलाप्रमाणेच सहदायाद झाली. दूर सासरी दिलेली बहीण सहीला येईल की नाही, हे इसार घेतल्यावर विचारणे म्हणजे वऱ्हाड दारात आल्यावर मुहूर्त काढणे. तिला आधी पत्र लिहावे, तिचा हिस्सा आधी बोलावा. कित्येकदा तिला पैशापेक्षा विचारले गेल्याचेच समाधान मोठे असते.

घर दाखविण्याची वेळ कोणती? घाटाखाली मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा शहाणा मालक गिऱ्हाइकाला सकाळी सातला बोलावतो. यात गैर काही नाही, पण शहाण्या गिऱ्हाइकाने एक खेप दुपारी दोनला घालावी आणि वरच्या मजल्यावर दहा मिनिटे बसून पाहावे. गच्चीला आधीच चुन्याचा पांढरा हात दिलेला असेल तर ती दहा मिनिटे बरी जातात. विकणाराने करावयाच्या कामांत इतके स्वस्त आणि इतके खरे दुसरे काम नाही.

सौदा ठरला, इसार झाला, की बहुतेकांचे घराकडे लक्ष उडते. नळ पुन्हा ठिबकू लागतो, आणि ताबा देण्याच्या दिवशी पंखे, दिवे, क्वचित सागवानी दारेही उतरविलेली आढळतात. याच ५५ व्या कलमाने करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत सावध मालकाप्रमाणे मिळकत सांभाळण्याचे काम विकणाऱ्यावर टाकलेले आहे. यास्तव काय जाईल आणि काय राहील याची यादी इसारपावतीतच लिहावी. पंखे किती, टाकी कोणती, झोपाळ्याच्या कड्या कोणाच्या. तुळशीवृंदावन विटांचे असेल तर ते घराबरोबर राहते, कुंडीतली तुळस घेऊन जाण्यास कोणाची हरकत नसते. ताबा देईपर्यंत पाणी मात्र दोहोंना विकणाऱ्यानेच घालावयाचे.